गाडी काढा

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझं अक्षर पाहून दचकशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते की मी बरी आहे. जबडा दोन ठिकाणी मोडलाय आणि डॉक्टरांनी तो तारेने बांधून ठेवलाय, त्यामुळे दीड महिना माझी बोलती बंद. मोबाइल पोलिसांनी ठेवून घेतलाय, कारण त्यात व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांचे जुने दमदाटीचे मेसेज आहेत. तेव्हा आता आपली दोघींची मदार पोस्टमनवर. तू नवा गुडघा बसवून अंथरुणात, मी जबडा आवळून लाँड्रीत. बाबा असते तर म्हणाले असते की दोन्ही पोरी एकदमच दुरुस्तीला आल्या.

दादाने तुला फोनवर सांगितलं म्हणे की मी पाय घसरून पडले. मी पडले नाही. काय झालं ते माझ्याकडून ऐक. शेजारच्या फर्निचर शोरूमची व्हॅन रोज आपल्या मागच्या दाराला चिकटून उभी असते, हे तुला माहीत आहे. दार अर्धंसुद्धा उघडत नाही आणि हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे मला पुढच्या दाराने, गिऱ्हाइकांच्या अंगावरून न्यावे लागतात. शोरूमचे मालक म्हणजे व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, त्यांना बोलणार कोण? सोमवारी संध्याकाळी ते स्वतःच व्हॅनपाशी उभे होते. मी त्यांना गाडी काढा म्हटलं. दोन शब्द, त्यापुढे काही नाही. त्यांनी माझ्या कोटाची कॉलर धरली, मला दारावर दाबलं आणि तोंडावर दोनदा ठोसा मारला. मग रुमालाला हात पुसत शोरूममध्ये निघून गेले. गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. कॅमेरा आहे, पण तो मंडळाचा, आणि तो नेमका त्याच दिवशी बंद होता असं मंडळ म्हणतं.

आता पुढचं वाचून ओरडू नकोस. मी आत आले आणि कोट धुतला. कामावर घालते तोच, पांढरा. थंड पाणी, मीठ, मग साबण. रक्त वाळू द्यायचं नाही आणि त्याला गरम पाणी लावायचं नाही, हे हातांना इतकं पाठ की ते मला विचारायला थांबलेच नाहीत. कोट हँगरला अडकवला आणि मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात चालत गेले. तिथे मी कागदावर कुणाचा नंबर लिहायच्या आत दादा हजर. घामाघूम झाला होता, आणि रडला तोही माझ्याआधी.

ठाण्यात मी चार पानं लिहून दिली. तिथल्या साहेबांनी त्यांच्या तीन ओळी केल्या. गाडी लावण्यावरून दोन दुकानदारांत किरकोळ बाचाबाची, असं त्यांचं म्हणणं. कोट धुतल्याचं वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. पुरावाच धुतलात म्हणाले, आणि खरंच इतकं लागलं असतं तर बाई कपडे धूत बसेल का, असंही वर विचारलं. मला बोलता येत नव्हतं आणि डोळा सुजून बंद झाला होता. मी सही करून आले. तेव्हापासून स्वतःचाच संताप येतोय. पण ताई, हे मी इथेच सोडणार नाहीये, एवढं तुला आधीच सांगून ठेवते.

गुडघ्याचे लाड कमी कर. लोभ असू दे, आणि सूपच्या पाककृती असल्या तर त्याही पाठव.

तुझी,
धाकटी

*

ता. ८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मी उभी होते, आणि नर्सने मला दरडावून बसवलं. त्या माणसाला माझ्या शाळेच्या मैदानात एकदा उभं करायला हवं होतं. व्यायामशिक्षिका म्हणून आयुष्यभर शिट्टी फुंकली, पण फुंकायची खरी वेळ आली तेव्हा मी पलंगावर, ही माझी चरफड आहे.

कोट धुतलास म्हणून मी ओरडणार नाही. बाबांची पोर आणखी काय करणार? पण एक विचारते. पाण्यात घालण्याआधी टाके घातले होतेस का? आठवतंय ना, डागाभोवती पिवळा धागा, फाटल्याभोवती निळा, म्हणजे उद्या गिऱ्हाईक म्हणायला नको की लाँड्रीनेच फाडलं. टाका न घालता एक शर्ट भिजवला म्हणून बाबांनी तुझ्या दादाच्या आणि माझ्या बोटांवर फूटपट्टी मारली होती. त्या टाक्यांना कंटाळूनच मी मैदान गाठलं आणि बंधुराज सोफ्यांना गाद्या शिवायला गेले. तू एकटी त्या धाग्यांना चिकटून राहिलीस. तेव्हा जा आणि कोट नीट बघ.

दुसरं. माझा व्यायाम घेणारी पोरगी सांगत होती की कोर्टाच्या इमारतीतच एक मदत केंद्र असतं, ज्यांच्यावर गुन्हा झालाय त्यांच्यासाठी. तिथे फी नाही, ओळख लागत नाही. तिची आई गेली होती. उद्याच्या उद्या तिथे जा. मोठ्या लोकांच्या नादी कशाला लागायचं, असं सांगणारे तुला गल्लीगल्लीत भेटतील, आणि त्यातले निम्मे आपल्याच घरातले असतील. त्यांचं ऐकून घे. तोंड बंदच आहे, तेव्हा वाद होणार नाही.

सूपमध्ये मिरपूड घालत जा, नुसतं पाणी पिऊ नकोस. आशीर्वाद आहेतच, ते पत्राने संपत नाहीत.

तुझी,
ताई

*

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मदत केंद्र तळमजल्यावर आहे, झेरॉक्सच्या दुकानामागे. दोन खुर्च्या, एक टेबल, एक पंखा, आणि तो फक्त डावीकडे फिरतो. मी आतापर्यंत जिथे जिथे गेले तिथे लोकांनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि मी तो बघत बसले. इथल्या बाईंनीही चहा मागवला, पण आधी पर्समधून एक स्ट्रॉ काढला, कपात ठेवला आणि मगच नाव विचारलं. मी त्यांना स्ट्रॉवाल्या बाई म्हणते. अर्थात मनातल्या मनात, सध्या तेवढंच जमतं.

मी त्यांना सगळं लिहून दाखवलं, कोटाचंही. मला वाटलं, याही कपाळाला हात लावणार. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या की मार खाल्ल्यावर माणूस पुष्कळदा रोजचंच काम करतो. एका बाईने फरशी पुसली होती, एका माणसाने पुस्तकांवर कव्हरं घातली होती. हात जे येतं ते करतात, त्यात खोटं काही नसतं. ताई, तेव्हा मात्र मला रडू आलं. जबडा बांधलेला असताना रडणं किती कठीण असतं, ते तुला सांगून कळायचं नाही.

मग त्यांनी मला एकेक गोष्ट समजावली. त्या तीन ओळी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. मला पुरवणी जबाब देता येतो, आणि वाचून पटल्याशिवाय त्यावर सही करायची नसते. तारीख कधी, तो जामिनावर सुटला का, हे मला कळवायलाच हवं, त्यासाठी कुणाच्या हातापाया पडायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्याबरोबर ठाण्यात आल्या. साहेबांनी पुन्हा थोडक्यात लिहायला घेतलं तेव्हा बाईंनी शांतपणे सांगितलं की घाई नाही, आम्ही बसतो. आणि आम्ही बसलोच. साहेबांची जेवणाची वेळ झाली, टळली, आणि मग चारही पानं उतरली. किरकोळ बाचाबाची गेली, गंभीर दुखापत आली.

आता कोट. तो तसाच हँगरवर होता, त्याच्याकडे बघायचं मी टाळत होते. तुझं पत्र आलं आणि दिवा लावून गेले. टाके आहेत. समोर गळ्यापासून तिसऱ्या बटणापर्यंत पिवळा धागा, आणि कॉलर मागून उसवली आहे तिच्याभोवती निळा. टाके वेडेवाकडे आहेत, बाबांनी फूटपट्टी काढली असती, पण आहेत. मी ते कधी घातले ते मला अजिबात आठवत नाही. अध्यक्षांचं म्हणणं आहे की मी आमच्याच ओल्या पायरीवरून घसरले आणि व्हॅनच्या दारावर आपटले. घसरणाऱ्या बाईची कॉलर मागून कशी उसवते, ते आता त्यांनीच सांगावं. कोट पोलिसांनी पाकिटात घालून सील केलाय.

लोभ वाढावा, गुडघ्याची सूज उतरावी.

तुझी,
धाकटी

*

ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी तब्येत सुधारत असेल. इकडे सर्व ठीक म्हणवत नाही.

धाकटीने फार ताणलंय. जे झालं ते वाईटच झालं, मी नाही म्हणत नाही. पण अध्यक्षसाहेब मंडळाच्या ऑफिसात, चार लोकांसमोर नाही पण खाजगीत, दिलगिरी व्यक्त करायला तयार आहेत. दवाखान्याचा खर्चही देतील. ती मात्र कोर्टातल्या कुठल्या बाईंच्या नादाने जबाबावर जबाब देत सुटली आहे. कोर्टात तिची अब्रू निघेल, वकील वाटेल ते विचारतील. शेवटी तिला त्याच गल्लीत धंदा करायचा आहे. मलाही करायचा आहे. शोरूमच्या सोफ्यांचं सगळं गादीकाम माझ्याकडे असतं हे तुला ठाऊक आहे, दुसरं मोठं गिऱ्हाईक मला नाही.

ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. दोन शब्द तिला लिही. तुझ्या वहिनीचा नमस्कार. राग नसावा.

तुझा,
बंधू

*

ता. २६ फेब्रुवारी

चि. बंधुराजांस,
आशीर्वाद. वि. वि.

दोन शब्द लिही म्हणतोस. तिने त्या माणसाला दोनच शब्द म्हटले होते, आणि त्याचं काय झालं ते तू पाहिलंस. तेव्हा मी जरा जास्त लिहिते.

अब्रू निघेल म्हणतोस, ती कुणाची? मारणाऱ्याची निघणार असेल तर निघू दे, मला तिची फिकीर नाही. आणि खाजगीत दिलगिरी म्हणजे काय रे? मारलं गल्लीत, आणि माफी ऑफिसचं दार लावून? माझ्या शाळेत मैदानावर ढकलाढकली केली तर माफी मैदानावरच मागावी लागायची. धाकटीला मी काहीही लिहिणार नाही. तिचं जे चाललंय ते बरोबर चाललंय.

तुझी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. गिऱ्हाईक गेलं तर घर कसं चालायचं हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण माझाही एक प्रश्न आहे, बरेच दिवस मनात घोळतोय. धाकटी लिहिते की दवाखान्यात तिने नंबर लिहायच्या आत तू पोचला होतास. गल्लीत कुणी नव्हतं. तिला बोलता येत नव्हतं. मग तुला कळवलं कुणी?

उत्तराची वाट बघते. घाई नाही, मी बसून आहे. वहिनीला आशीर्वाद, तुलाही, रागावले असले तरी.

तुझी,
ताई

*

ता. २४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तार सुटली. तोंड अजून पुरतं उघडत नाही, पण शब्द बाहेर पडतात. तू पैज लावली होतीस ना की मी पहिला शब्द म्हणून शिवीच वापरीन? हरलीस.

दवाखान्यातून सरळ लाँड्रीत आले. मागचं दार ढकललं तर दोन बोटांची फट. व्हॅन तिथेच. मी पुढून वळसा घालून गल्लीत गेले. अध्यक्ष शोरूमच्या पायरीवर उभे राहून फोनवर बोलत होते. मी व्हॅनच्या पुढ्यात उभी राहिले आणि म्हटलं, गाडी काढा. आवाज इतका घोगरा आला की माझा मलाच ओळखता आला नाही. अध्यक्ष हसले आणि आत गेले. मी तिथेच उभी. बऱ्याच वेळाने ड्रायव्हर खाली मान घालून आला आणि त्याने गाडी पुढे घेतली. दार पूर्ण उघडलं तेव्हा आतल्या चादरींवर इतकं ऊन पडलं की मला खालची धूळ दिसली. आधी झाडलं, मग बसले.

स्ट्रॉवाल्या बाईंनी मात्र मला चांगलंच झापलं. एकटीने जायची काय गरज होती म्हणाल्या, आणि त्याने पुन्हा हात उचलला असता तर? मग लगेच सरकारी वकिलांकडे गेल्या. आता कोर्टाचा हुकूम आहे की त्याने किंवा त्याच्या गाडीने माझ्या दाराजवळ यायचं नाही. त्याची एक प्रत मी इस्त्रीच्या टेबलासमोर लावली आहे, वाफेने कडा वळल्या आहेत.

बाजारात मात्र वारं उलटं आहे. मंडळाच्या दोन-तीन दुकानदारांनी कपडे आणायचं बंद केलं. हॉटेलवाल्याने आधी गठ्ठे थांबवले, मग दुसरीकडे धुतलेल्या चादरी बघून गुपचूप परत सुरू केले. दादा इकडे फिरकत नाही. त्याचे शर्ट पलीकडच्या रस्त्यावरच्या लाँड्रीत जातात असं वहिनी बोलता बोलता म्हणाली. बाकीच्यांचं मला काही वाटत नाही. हे मात्र लागलं.

कळावे. लोभ माझ्याकडे थोडा जास्त पाठव, इथे तुटवडा आहे.

तुझी,
धाकटी

*

ता. ११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला उशीर झाला. ते मी पत्रात लिहिणार नाही. ज्यांना द्यायला पाहिजे त्यांना काल जाऊन दिलं. धाकटीला यातलं काही कळवू नकोस, ती धावत माझ्याकडे येईल, आणि तिच्या तोंडाकडे बघून मला पुढचं करायचा धीर होणार नाही.

वहिनी म्हणते, झोप लागते का बघा आता.

तुझा,
बंधू

*

ता. १९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मागची तारीख त्यांच्या वकिलाच्या पोटदुखीने पुढे गेली हे कळलं. पोट बरं असो बिचाऱ्याचं, पुढच्या तारखेला ते लागणार आहे. बाईंनी तुला आदल्या दिवशीच कळवलं हे बरं झालं, नाहीतर तू दिवसभर बाकावर ताटकळली असतीस.

सोबत एक पुडकं पाठवते. उघडून हसू नकोस, माझी शिट्टी आहे. कोर्टात खिशात ठेव. वाजवायची नाही, नुसती मुठीत धरायची. मी मैदानात पोरांपुढे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्याही गुडघ्यांत पाणी झालं होतं, आणि ते तर जुने, चांगले गुडघे होते. मुठीत ती असली की माझा आवाज पोटातून यायचा.

डॉक्टर अजून प्रवासाला नाही म्हणतात. मी त्यांच्याशी भांडले आणि हरले. त्या दिवशी सकाळपासून मी दाराशी खुर्ची टाकून बसणार आहे, तुला दिसले नाही तरी आहे असं समज. बंधुराजांवर फार रागावू नकोस. का ते विचारू नकोस.

प्रेम आणि आशीर्वाद, दोन्ही काठोकाठ.

तुझी,
ताई

*

ता. ३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू हे सगळं माहीत असून गप्प बसलीस. त्याबद्दल भेटल्यावर बघून घेईन. आधी काल काय झालं ते सांगते.

स्ट्रॉवाल्या बाईंनी मला मागच्या दाराने नेलं. आमच्यासाठी वेगळी खोली आहे, तिथे त्याच्या माणसांची नजर पोचत नाही. बाईंनी विचारलं की साक्ष देताना मध्ये पडदा हवा का, तोही मिळतो. मी नको म्हटलं. त्याने मला बघावं अशीच माझी इच्छा होती. बाई मला दिसतील अशा जागी बसल्या, आणि तुझी शिट्टी माझ्या मुठीत होती. तिचा वळ अजून तळहातावर आहे.

सरकारी वकिलांच्या वेळी सगळं सुरळीत झालं. मग त्यांचे वकील उठले. आवाज अगदी मऊ. जबडा मोडलेली बाई दवाखान्यात जायचं सोडून कपडे धुते, हे कोर्टाने खरं मानावं काय, असं त्यांनी विचारलं. मागे कुणीतरी हसलं. ताई, या एका प्रश्नाला मी पाच महिने घाबरत होते, आणि तो प्रत्यक्ष आला तेव्हा भीतीच वाटली नाही. मी सांगितलं की दोन वस्तू बिघडल्या होत्या, माझं तोंड आणि माझा कोट. तोंड मला दुरुस्त करता येत नव्हतं, कोट येत होता. मग जे येत होतं ते केलं. कोट माझा आहे, त्यावर कुणाच्या हातचा डाग मी राहू देत नाही.

मग त्यांनी विचारलं की अध्यक्षांना चिडवायला मी नेमकं काय बोलले होते. मी म्हटलं, गाडी काढा. हे ज्या सुरात म्हटलं तो सूर उद्धट होता का, असं पुढे विचारलं. मी सांगितलं की सूर आठवत नाही, पण शब्द बरोबर होते, आणि तार सुटल्यावर तेच शब्द मी पुन्हा म्हटले आहेत. न्यायाधीश बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

कोट पाकिटातून काढला. एवढ्या लोकांसमोर तो टेबलावर पसरला. वकील म्हणाले, हे धागे काय, कधीही घालता येतात, कॉलरही नंतर घरी उसवलेली असेल. मी कधी टाके घातले ते मलाच आठवत नाही, आणि तसंच सांगितलं. मला खाली बसवलं. तेव्हा वाटलं की आता हातचं गेलं.

आणि पुढचा साक्षीदार म्हणून दादाला पुकारलं.

परक्या लाँड्रीत इस्त्री केलेला शर्ट घालून आला होता, कॉलरला चुणी. हात पिंजऱ्याच्या कठड्यावर घट्ट धरून उभा राहिला. त्याने सांगितलं की त्या संध्याकाळी अध्यक्षांनी त्याला फोन केला. तुझ्या बहिणीची जीभ लांब झाली होती, मी जरा आखूड केली, जाऊन बघ आणि पायरीवरून घसरले म्हणून सांगायला शिकव, असं ते म्हणाले. म्हणून मी नंबर लिहायच्या आत तो घामाघूम होऊन दवाखान्यात. तिथून लाँड्री बंद करायला गेला तेव्हा कोट हँगरवर ठिबकत होता, आणि कॉलरभोवती निळा टाका होता. वकिलांनी विचारलं की एवढ्या गडबडीत धागा बरा दिसला. दादा म्हणाला की त्या टाक्यासाठी लहानपणी बोटांवर मार खाल्लाय, तो मला अंधारातही दिसेल. मग त्यांनी विचारलं की आरोपीकडून तुम्हाला काम मिळतं ना. दादा म्हणाला, आज सकाळपर्यंत मिळत होतं.

मी कुणाकडे बघत होते ते मला सांगता येणार नाही. मला भयंकर राग आला. पाच महिने याला माहीत होतं आणि वर हा मला मिटवून टाक सांगत होता. आणि त्याच वेळी असंही वाटलं की उठून त्याची ती चुणी सरळ करावी. बाहेर आल्यावर आम्ही एकाच बाकावर दोन टोकांना बसलो. स्ट्रॉवाल्या बाईंनी दोघांना पाणी दिलं आणि मधोमध बसल्या. राग गेलेला नाही ताई. तो जाईल तेव्हा जाईल, मी त्याला ढकलणार नाही. पण निघताना त्याला एवढं सांगितलं की शर्ट परत इकडे टाकत जा, त्या लोकांना कॉलर जमत नाही.

शिट्टी परत मागू नकोस. लोभ आहे तो आहेच.

तुझी,
धाकटी

*

ता. ३० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल तुला फोनवर ओरडून सांगितलाच आहे, जबड्याला आता ओरडता येतं. पण पत्राची सवय लागली, म्हणून नीट लिहिते.

गंभीर दुखापतीचा गुन्हा शाबीत झाला आणि कैदेची शिक्षा झाली. निकालपत्रात न्यायाधीश बाईंनी लिहिलंय की घाबरलेलं माणूस कसं वागेल याचा एकच साचा नसतो. ते वाक्य मी ठाण्यातल्या साहेबांना नेऊन दाखवलं. त्यांनी वाचलं आणि चहा मागवला. मी कपाने प्यायले.

ते अपील करणार आहेत आणि तोवर जामिनावर बाहेर आहेत. मंडळाच्या ऑफिसात त्यांचा फोटो अजून भिंतीवर आहे. सगळं जिंकलं असं मी म्हणणार नाही. पण अपिलाची तारीख मला कळवली जाईल, आणि स्ट्रॉवाल्या बाई म्हणाल्या की त्याही येतील. मी त्यांना सांगितलं की यायलाच हवं, मला आता त्यांच्याशिवाय कोर्टात करमायचं नाही.

आपला कोट कोर्टाच्या कोठीत राहणार, धाग्यांसकट. मला वाईट वाटलं होतं. पण परवा दादा एक पुडकं घेऊन आला. त्याचं मोठं गिऱ्हाईक गेलंच, सध्या बस कंपनीच्या सीटा शिवतो आणि कुरकुरतो. पुडक्यात नवा कोट. त्याने स्वतः शिवलाय, सोफ्याच्या कापडाचा. रंग मातकट, वजन असं की घातल्यावर खांदे खाली येतात. कॉलरला सोफ्याच्या दोऱ्याने चार शिवणी मारल्या आहेत. ओढून बघ म्हणाला. मी ओढली. मग तोही ओढायला आला, पण हात अर्ध्यात थांबवला आणि खिशात घातला. मीच त्याचा हात धरून कॉलरवर ठेवला. ओढ म्हटलं. त्याने ओढली. एक टाका हलला नाही. माझा राग तेव्हा बराचसा गेला, हे मी त्याला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

आज सकाळी तो कोट घालून कामाला लागले. हॉटेलचे गठ्ठे बाहेर काढायला मागचं दार ढकललं, तर फट दोनच बोटांची. शोरूमची व्हॅन नव्हती, कुणा नव्याच माणसाचा टेम्पो होता. वळसा घालून गल्लीत गेले. ड्रायव्हर काच खाली करून पेपर वाचत होता. मी त्याला गाडी काढा म्हटलं.

त्याने काढली.

लोभ असाच असू दे. गुडघा चालता झाला की ये, दार आता पूर्ण उघडतं.

तुझी,
धाकटी